लव्हाळ्याचा कोपरा

बाजारात त्याला सगळे घुम्या म्हणायचे, आणि तेही तोंडावर, कारण तोंडावर म्हटलं तरी तो उत्तर देणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. गिऱ्हाइकाने कोबीचा भाव विचारला की तो बोटं दाखवायचा. गिऱ्हाइक घासाघीस करायला लागलं की कोबी उचलून परत टोपलीत ठेवायचा. व्यवहार संपला. शेजारी त्याची म्हातारी बसलेली असायची आणि ती दोघांच्या वाटणीचं बोलायची. "लग्नाला होकारसुद्धा यांनी मान हलवून दिला," ती येईल त्याला सांगायची. "मी म्हटलं, बरंच आहे, भांडण तरी होणार नाही. भांडण होतं हो! मला एकटीला करावं लागतं एवढंच."

अशा माणसाने एकदा तोंड उघडलं आणि नको तेच बोलून बसला. त्याची ही गोष्ट.

घरामागे त्याचा भाजीचा मळा होता. फार मोठा नव्हे, या टोकाला हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाईल एवढाच. पण बघत राहावा असा. वाफे दोरी लावून आखलेले, पाट सरळ, आणि तण म्हणाल तर औषधाला सापडणार नाही. फक्त विहिरीकडचा एक कोपरा सोडून. दोन खोल्या मावतील एवढ्या त्या तुकड्यात गर्द हिरवं, तुकतुकीत गवत माजलेलं असायचं आणि त्याच्या चारी बाजूंनी गुडघाभर खोल चर खणलेला होता. म्हातारा रोज सकाळी त्या चराला फेरी मारायचा. पलीकडून एखादी मुळी डोकावली की कापायचा. तिथलं खुरपं वेगळं, दुसऱ्या वाफ्यात त्याने ते कधी नेलं नाही. परत येताना बूट दगडावर आपटून माती तिथेच झाडायचा. लोक म्हणायचे, घुम्याने गवताला तुरुंगात टाकलंय. म्हणोत बापडे. विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं.

तो लव्हाळा होता. ज्यांनी कधी हातात खुरपं धरलं नाही त्यांना लव्हाळा म्हणजे काय ते कळायचं नाही. दिसायला इतका गोंडस की कुंडीत लावावासा वाटेल. म्हातारा तरुण असताना विहिरीजवळचा खड्डा भरायला कुठून तरी गाडीभर माती आणली होती, तिच्यातून तो आला. त्या वर्षी बटाटे काढले तर निम्म्या बटाट्यांतून हिरवी सुई आरपार गेलेली. एका बाईने बाजारात तसला बटाटा परत आणून दिला आणि म्हणाली, "हा खायचा आहे की कानात घालायचा?" म्हातारीला ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. म्हाताऱ्याने घरी येऊन एक शब्द न बोलता कुदळ घेतली आणि चर खणला. तेव्हापासून लव्हाळा आत आणि मळा बाहेर.

एकुलती एक मुलगी होती. पोस्टात खिडकीवर बसायची आणि आईची जीभ घेऊन जन्माला आली होती. तिने लग्न केलं एका मेकॅनिकशी. माणूस हसरा, बोलका, हाताने एवढा कुशल की भंगारातलं इंजिन त्याच्याकडे बघून खोकायला लागायचं. माणसांशी बोलायचा तसाच यंत्रांशीही बोलायचा. "काय गं, काय झालं तुला? दाखव बघू." पण तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला, आणि दोघं बाडबिस्तरा घेऊन इकडे राहायला आली. झालं! बाजाराला विषय मिळाला. घरजावई म्हटल्यावर लोकांच्या जिभेला काय हाड असतं का? "काय मग, सासऱ्याची भाकरी गोड लागते ना?" एक फळवाला त्याला म्हणाला. जावई हसला, पण त्या दिवशी तो जेवला कमी, हे म्हाताऱ्याने पाहिलं होतं.

म्हाताऱ्याला तो आवडला होता. फार आवडला होता. गुडघे वाजत होते, डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं, आणि शेजारच्या गोदामवाल्याचं मळ्यावर केव्हापासून लक्ष होतं. ही दोघं राहिली तर मळा राहील, नाही राहिली तर वाफ्यांवर सिमेंट पडेल, इतकं ते सरळ होतं. म्हाताऱ्याने मनात ठरवूनही टाकलं होतं: डोळ्याचं ऑपरेशन झालं की मळा या दोघांच्या हातात द्यायचा. कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. मनात ठरलं म्हणजे जगाला कळलं असा त्याचा जन्मभराचा समज होता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हातारा-म्हातारी शहरात गेली आणि दवाखाना जवळ पडतो म्हणून म्हातारीच्या बहिणीकडे राहिली. हंगाम संपला होता, मळा मोकळा होता, काळजीचं काही नव्हतं. डॉक्टरांनी डोळ्यातला पडदा काढला, काळा चष्मा दिला आणि बजावलं की महिनाभर खाली वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. "आणि बोलायचं?" म्हातारीने विचारलं. "बोलायला काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "अरे देवा," म्हातारी म्हणाली, "म्हणजे औषध नाहीच."

परत आले तेव्हा जावई फाटकातच उभा होता. अंगाला ग्रीसचा वास, चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा. "बाबा, आधी मागे चला. चहा नंतर. आई, तुम्हीपण." त्याने म्हाताऱ्याचा हात धरून त्याला मळ्याच्या तोंडाशी आणला. तिथे लाल रंग दिलेला एक पॉवर टिलर उभा होता. पाच ठिकाणचं भंगार गोळा करून, जोडून, घासून त्याने तो तयार केला होता. आणि टिलरच्या पलीकडे सगळा मळा काळाभोर, भुसभुशीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. विहिरीकडचा कोपरासुद्धा.

"चर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"बुजवला!" जावई म्हणाला. "सगळ्यात आधी तोच कोपरा घेतला. काय गवत होतं हो! पात्यांना वेटोळी बसली. तीन-चारदा फिरवलं, पार भुगा केला, मग तिथून सुरू करून सगळा मळा काढला. कांद्याचं बीसुद्धा टाकलंय. आता तुम्हाला वाकायला नको."

म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं, ढेकूळन् ढेकूळ, आणि त्यातल्या काळ्या गाठी. लव्हाळ्याचा भुगा होत नसतो. त्याच्या गाठी होतात आणि गाठींचा लव्हाळा होतो. यंत्राने त्या कोपऱ्यातून उचलून घरभर अक्षता टाकाव्यात तशा सगळ्या मळ्यात टाकल्या होत्या. म्हातारीच्याही ते लक्षात आलं. ती तोंड उघडणार तेवढ्यात म्हाताऱ्याने हात वर केला आणि वळून घरात गेला. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

"डोळा दुखत असेल," जावई म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

म्हातारीने मग मूग गिळले. ज्या दिवशी बोलायला हवं होतं नेमकी त्या दिवशी ही बाई गप्प बसली. पुढे तिने स्वतःलाच त्याबद्दल बोल लावला, पण तिचंही खरं होतं. इतक्या हौसेने केलेल्या कामावर कुठल्या तोंडाने पाणी ओतायचं?

जावई रोज पाणी देत राहिला. कांद्याचं बी ओलं राहायला हवं असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. आणि एक दिवस संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तो हात धुऊन धावतच आला. "बाबा! कांदा उगवला! लोक म्हणतात वेळ लागतो, पण काय उगवलाय! आणि मजा अशी की वाफ्यात तर आलाच, पाटात आलाय, वाटेवर आलाय, वाफ्याच्या बाहेरसुद्धा आलाय!"

त्याने तळहात पुढे केला. तळहातावर हिरवी, टोकदार, तुकतुकीत काडी होती.

आता शहाणा माणूस इथे हसला असता. खरंच, हसण्यासारखंच होतं ते, आणि हसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ताट बाजूला सारलं आणि उभा राहिला. मुलीने त्याला असा आवाज चढवताना जन्मात ऐकलं नव्हतं.

"कांदा? हा कांदा? तण कळत नाही, पीक कळत नाही, आणि मळा नांगरायला निघाले! सगळं घालवलंत माझं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलात ना, मग बसा की गप्प! बीळ कशाला उकरलंत?"

जावयाने तळहात हळूच मिटला. काडी मुठीत तशीच ठेवून तो मागच्या दाराने बाहेर गेला.

मुलगी जागची हलली नाही. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि ही शांतता भांडणापेक्षा वाईट, हे आईला माहीत होतं. "नागोबाचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगते बाबा. तो कोपरा त्यांनी का काढला माहितीये? मी सांगितलं म्हणून. ते म्हणाले, त्या चरापाशी काय आहे, बाबा रोज तिथे का जातात? मी म्हटलं, तिकडे जाऊ नका, तिथे साप आहे. लहानपणापासून मला तेच माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतंत."

म्हातारा खाली बसला.

"ते दचकलेच," मुलगी म्हणाली. "म्हणाले, बाबांना धड दिसत नाही, रोज सकाळी तिथे हात घालतात, चावला म्हणजे? म्हणून सगळ्यात आधी तो कोपरा. काठी आपटत आपटत गेले आत. जीव मुठीत धरून मशीन फिरवलंय त्यांनी तिथे, तुमच्यासाठी."

आणि म्हाताऱ्याला आठवलं. ही एवढीशी होती, अनवाणी सगळ्या मळ्यात हुंदडायची. पायाला माती घेऊन चराच्या आतबाहेर करेल, मातीबरोबर गाठी आणेल, या धास्तीने त्याने तिला एकदा सांगितलं होतं, तिथे साप आहे. दोन शब्दांत काम झालं होतं. लव्हाळा म्हणजे काय, गाठ म्हणजे काय, हे सांगत बसायला किती बोलावं लागलं असतं! पोर घाबरली, परत फिरकली नाही, आणि तो सांगून विसरूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुलीने पोस्टातून येताना बातमी आणली. शहरात बसगाड्यांच्या डेपोत मेकॅनिक हवा होता, आणि डेपोच्या मागेच एक खोली मिळत होती. महिनाअखेर निघायचं ठरलं. घरात कुणी कुणाशी वाईट वागत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. जावई "बाबा, चष्मा पुसून देऊ का" म्हणायचा, आणि म्हातारा मान हलवायचा. मशीन शेडमध्ये गेलं होतं. लाल रंगावर धूळ बसायला लागली.

म्हातारीने मात्र इतके दिवस तोंडात धरलेली गुळणी थुंकली. "सगळा जन्म शब्द साठवलेत," ती म्हणाली, "मला वाटायचं आत काहीतरी सोनंनाणं असेल. आणि निघालं काय? आयत्या बिळावर नागोबा! अहो, ते पोर बाजारात हेच ऐकून घेत होतं आणि तरी इथे राहत होतं, कारण घरात कुणी तसं म्हणत नव्हतं. आता घरातही म्हटलं."

"मळा गेला," म्हातारा पुटपुटला.

"मळा गेला की पोरं चालली? काय जातंय त्याचं नीट नाव घ्या. आणि मी सांगते तुम्हाला, त्यांना थांबवायचं असेल तर मी बोलणार नाही. आजवर तुमच्या वाटणीचं मी बोलले. हे तुमचं तुम्ही बोला."

म्हातारा बांधावर जाऊन बसला. नव्या डोळ्याने मळा बघणं ही शिक्षाच होती. हिरव्या सुया सगळीकडे उठल्या होत्या, पाटात, वाटेवर, विहिरीच्या कठड्याला खेटून. कांद्याचं खरं रोप त्यांच्यात कुठे कुठे कसंबसं उभं होतं, दोरा वाकवून जमिनीत खोचावा तसं. त्याने एकदा वाकायचा प्रयत्न केला. दोन काड्या उपटल्या असतील नसतील, म्हातारीने मागून कॉलर धरून उभा केला. "डोळा फुटला म्हणजे मग खुशाल वाका," ती म्हणाली.

तो परत बसला. त्याला वाटलं, आपण उपटतो म्हणजे नक्की काय करतो, हे आपल्याला तरी सांगता येईल का? हाताला कळतं. केव्हा उपटायचं, केव्हा थांबायचं, उन्हाळ्यात कुठली माती उलटी करून तापवायची, कुठे दाट सावलीचं पीक घ्यायचं म्हणजे लव्हाळा गुदमरतो. हे सगळं हातात होतं आणि हात आता वाकत नव्हते. तो गेला की हे सगळं त्याच्याबरोबर जाणार होतं, आणि लव्हाळा राहणार होता. या विचाराने त्याला पहिल्यांदाच भीती वाटली. लव्हाळ्याची नव्हे, स्वतःच्या गप्प बसण्याची.

महिना संपत आला होता. जावई शेडमध्ये टिलर उघडत बसला होता. इंजिन वेगळं, पाती वेगळी, नट एका डब्यात. म्हातारा दारात येऊन उभा राहिला. जावयाने वर पाहिलं, पण विचारलं काही नाही. तोही आता शिकला होता.

"ते राहू द्या," म्हातारा शेवटी म्हणाला. "फावडं घ्या. एक पोतं घ्या. चला."

विहिरीजवळच्या एका सुईपाशी त्याने काठी टेकवली. "इथे खणा. खुरपं नाही, फावडंच. अजून खोल. ओढू नका, ओढलं की तुटतं. बाजूने खणा."

जावई खणत राहिला. मग गुडघ्यांवर बसला आणि ढेकूळ हातात घेऊन बोटांनी फोडायला लागला, एखादा नाजूक पार्ट मोकळा करावा तसा. वरची हिरवी पानं, त्याखाली पांढरा देठ, आणि देठाच्या खाली शेंगदाण्याएवढी काळी गाठ. गाठीतून काळी, तारेसारखी मुळी आडवी गेलेली. तिच्या टोकाला दुसरी गाठ. तिथून खाली तिसरी. जावई खणत गेला तशी माळ लांबत गेली.

"ही वायर कुठवर जाते?" त्याने विचारलं.

"जाते," म्हातारा म्हणाला. मग त्याला वाटलं एवढं पुरे नाही. त्याने घसा खाकरला. "या कोपऱ्यात यंत्र फिरलं तरी खालच्या काही माळा शाबूत राहिल्यात, ही त्यातली. हिच्यात जागी आहे ती एकच. ही वरची. बाकीच्या झोपून असतात. वरची आहे तोवर उठत नाहीत. पण माळ तुटली ना, की प्रत्येकीला वाटतं, आता घरातली थोरली मीच. सगळ्या उठतात."

जावयाने माळेकडे पाहिलं, मग मळ्याकडे. "म्हणजे मी मशीन फिरवलं, आणि सगळ्यांना उठवलं."

"हो."

त्याने ते गोड करून सांगितलं नाही, आणि जावयाला ते बरं वाटलं असावं, कारण त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला. "मग मरतं कसं हे?"

"पानं काढायची. पाच-सहा पानं फुटायच्या आत काढायची. परत येतं. परत काढायची. परत येतं."

"आणि पाच-सहाच्या पुढे गेली तर?"

"खाली नवी गाठ धरते."

जावई गुडघ्यांवर बसून विचार करत होता. ओठ हलत होते, यंत्रापाशी हलायचे तसे. "थांबा. म्हणजे गाठ ही टाकी. टाकीतलं इंधन जाळून ती पान वर पाठवते. पान उन्हात आलं की टाकी परत भरायला लागतं. भरली की खाली आणखी एक टाकी. आपण भरायच्या आत पान तोडलं, तर तिला शिलकीतलं काढून दुसरं पान पाठवावं लागतं. परत तोडलं, परत शिलकीतलं. कधीतरी टाकी कोरडी पडणारच की!"

अर्धं आयुष्य म्हाताऱ्याने हे केलं होतं आणि कधी असं दिसलं नव्हतं. "असंच," तो म्हणाला. "अगदी असंच आहे ते."

"मग चराच्या आतलं का ठेवलं होतंत बाबा?" जावयाने विचारलं. त्यात टोमणा नव्हता, मशीन बिघडलं की हा माणूस असंच विचारायचा. "तिथे तर पानं मोकळी वाढत होती. रोज टाक्या भरल्या जात होत्या. यंत्र लावायला माझ्यासारखा मूर्ख भेटायचाच बाकी होता."

म्हाताऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"कंटाळलो," तो म्हणाला. "पहिली काही वर्षं आतलंही काढत होतो. सकाळ-संध्याकाळ. मग एकट्याने किती काढणार? म्हटलं, तू आत राहा बाबा, मी बाहेर राहतो. राखण करत बसलो नुसता."

जावयाने माळ उचलून पोत्यावर ठेवली, सरळ केली. मग मातीचे हात मांडीवर पुसत म्हणाला, "सगळा मळा साफ व्हायला किती वर्षं लागतील?"

"माझ्या हयातीत होत नाही."

"मग हे सगळं मला कशाला सांगताय? आम्ही तर परवा निघालो."

म्हातारीने सांगितलं होतं, तुमचं तुम्ही बोला. म्हातारा बोलायला गेला, पण शब्द गंजलेल्या नळासारखे आधी खडखडले.

"मी ते म्हणालो," तो म्हणाला. "नागोबा. ते चुकलं माझं. तसं कधी माझ्या मनात नव्हतं. मनात होतं की मळा तुम्हाला द्यायचा. दवाखान्यात जायच्या आधीपासून होतं. बोललो नाही. मला वाटतं, मनात आलं की झालं. ते होत नाही, कळलं मला." तो थांबला, धाप लागल्यासारखा. "जाऊ नका. मुलगी आहे म्हणून म्हणत नाही. तुम्ही मला हवे आहात. हे असलं तण सोडून जातोय मी मागे, आणि तुम्हीच राहा म्हणतोय. लाज वाटते. पण राहा."

एका दमात एवढं तो लग्नातही बोलला नव्हता. घराच्या मागच्या दारात म्हातारी आणि मुलगी येऊन उभ्या होत्या, आणि दोघीही चक्क गप्प होत्या.

पोत्यावरच्या गाठी जावयाने बोटाने एकेक दाबून पाहिल्या, कुठली भरलेली आहे, कुठली पोकळ. मग फावडं उचललं आणि शेजारच्या सुईपाशी सरकला.

"तुमच्या हयातीत नाही तर माझ्या हयातीत होईल," तो म्हणाला. "त्यात काय एवढं."

म्हाताऱ्याच्या काळ्या चष्म्याखालून पाणी ओघळून मिशीत गेलं. ते त्याने पुसलंही नाही. काठी पुढे करून त्याने पोतं दाखवलं.

"आधी ती माळ आत टाका," तो म्हणाला. "आणि तोंड बांधा पोत्याचं. एकसुद्धा गाठ खाली सांडू देऊ नका."